तळ्याकाठी धरून ठेवलेल्या तीन खुर्च्या

बसमधल्या माइकवरून आमच्या टूर मॅनेजरने सांगितलं, "मंडळी, इथे आपल्याला पंचेचाळीस मिनिटं आहेत. अकराला उतरतोय, पावणेबाराला याच गेटवर. ज्यांना उशीर होईल त्यांनी पुढच्या टूरबरोबर घरी या." सगळे हसले. मी हसले नाही, मी घड्याळ बघत होते. युरोपातल्या दहा दिवसांत माझी स्वतःची अशी एवढीच पंचेचाळीस मिनिटं होती. बाकीचे दिवस मी ह्यांना देऊन टाकले होते. बर्फ ह्यांचा, धबधबा ह्यांचा, चॉकलेटचा कारखानासुद्धा ह्यांचाच.

टूर मी निवडली होती. म्हणजे ह्यांना वाटत होतं त्यांनी निवडली. ठाण्याला जाऊन मी वेगवेगळ्या कंपन्यांची पत्रकं आणली आणि दुपारी ओट्याशी उभं राहून वाचली. बाकी सगळे पॅरिसमध्ये तो लोखंडी मनोरा दाखवतात, बोटीत बसवतात आणि अत्तराच्या दुकानात नेऊन सोडतात. एकाच पत्रकात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'लक्झेंबर्गची ऐतिहासिक बाग, ४५ मिनिटे'. ह्यांना ते वाचून लक्झेंबर्ग नावाचा देशच वाटला. "बघ, ह्यांच्यात एक देश जास्त आहे," म्हणाले आणि फॉर्मवर सही केली. बाग पॅरिसमधलीच, पण मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

त्या बागेला लागून असलेल्या गल्लीत माझ्या मुलीचं ऑफिस आहे. तिची जेवायची सुट्टी म्हणजे आपल्याकडची संध्याकाळची पाचची वेळ, आणि पाचला हे ठाकुर्लीला मित्रांच्या कट्ट्यावर असतात. म्हणून पाच वर्षं ती मला त्या बागेतून व्हिडिओ फोन करत होती. मांडीवर डबा, मागे तळं, तळ्यात पोरांची शिडाची होडकी. मी डोंबिवलीच्या गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत ती बाग बघायची. कुठल्या झाडाची पानं कधी गळतात हेसुद्धा मला माहीत झालं होतं. आमचं बोलणं होतं हे ह्यांना ठाऊक होतं. ते विचारायचे नाहीत, मी सांगायची नाही.

फॉर्म भरताना ते एवढंच म्हणाले होते, "पॅरिस आहे त्यात."

"सगळ्याच टूरमध्ये असतं," मी म्हटलं.

"टूरबरोबर जायचं, टूरबरोबर यायचं. कुणाच्या घरी जायचं नाही."

मी बरं म्हटलं. बाग काही कुणाचं घर नव्हे.

मुलीचं लग्न ठरलं होतं. कल्याणचा मुलगा, घर चांगलं, माणसं बरी. साखरपुडा झाला, हॉल घेतला, पत्रिका छापल्या. पत्रिका वाटायला आम्ही दोघं जोडीने हिंडलो. कोपरला, आंबिवलीला, ठाण्याला, प्रत्येक घरी बसून, चहा घेऊन, अक्षता देऊन. लग्नाला नऊ दिवस उरले असताना मुलगी सकाळी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही. पॅरिसची नोकरी मिळाली होती, ती सोड असं मुलाकडच्यांचं सांगणं होतं, आणि तिने चार महिने हो हो म्हणून बघितलं होतं. ह्यांनी तिला एकच विचारलं, "हे तुला चार महिन्यांपूर्वी सांगता आलं नाही?" मुलगी खरी होती आणि बापाचा प्रश्नही खरा होता.

पत्रिका द्यायला दोघं गेलो होतो, लग्न मोडल्याचं सांगायला ते एकटे गेले. फोनवर सांगा म्हटलं तर म्हणाले, "आमंत्रण दारात जाऊन दिलं, नाहीही दारात जाऊनच सांगायचं." पाच दिवस ते घरोघर फिरले. तेच जिने, तेच सोफे, तीच बिस्किटं. काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त ठाण्याच्या खाडीकाठी राहणारा त्यांचा कंपनीतला एक जुना जोडीदार आहे, कोळी, त्याचं बोलणं एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला, "जाव दे रे, पोरीच्या मनान नाय त नाय." आणि ह्यांना जेवायला बसवलं. तेवढ्या एका घरी ते जेवले. सहाव्या दिवशी मुलीला विमानतळावर सोडायला मी गेले, ते गेले नाहीत. तेव्हापासून एक घाव दोन तुकडे. आमची बडबडी, भांडखोर बापलेकीची जोडी, पण पाच वर्षांत एक अक्षर नाही.

मी वाट बघितली. माणूस निवळतो म्हणतात. हे निवळले नाहीत, नुसते गप्प होत गेले.

टूरच्या पहिल्या दिवशी विमानतळावर कल्याणच्या एक बाई शेजारी बसल्या. ओळख होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोवर विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" हे चटकन म्हणाले, "एक मुलगा. पुण्याला असतो." आणि बाटलीतलं पाणी प्यायले. मुलगा आहेच पुण्याला, पण मुलगी त्यांनी मोजलीच नाही. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला इतका राग आला की सबंध विमानप्रवास मी जागी होते. ते निदान तोंडाने म्हणाले, मी तर न बोलताच होकार दिला. त्यांनी असं उत्तर द्यायला मागेच सुरुवात केली होती, पण आतापर्यंत माझ्यासमोर दिलं नव्हतं. टूर घेतानाच मनात होतं, ते तेव्हा पक्कं झालं की यांना समोरासमोर बसवायचंच. आता नाही झालं तर हा माणूस पुढची पंधरा-वीस वर्षं हेच सांगत राहील, आणि मग ते खरंच होऊन बसेल.

त्यासाठी मी एक खोटं बोलले होते. मुलीने फोनवर विचारलं होतं, "आई, बाबांना सांगितलंयस ना मी येणार ते? नाहीतर मी नाही येणार. त्यांनी मला बघून पाठ फिरवली तर मला नाही सहन होणार."

"सांगितलंय," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

हे दुसरं वाक्य खरं होतं, कारण मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं.

तर बसमधून उतरलो. सोनेरी टोकांच्या उंच गजांचं कुंपण, पायाखाली बारीक खडी, दोन्ही बाजूंना कात्रीने कापल्यासारखी एका उंचीची झाडं. टूर मॅनेजर झेंडा उंच धरून पुढे, आम्ही अडतीस माणसं मागे. तळ्यापलीकडच्या महालासमोर उभं करून त्याने आम्हाला इतिहास सांगितला. चारशे वर्षांपूर्वीची कुणी राणी, माहेर इटलीतलं. नवरा गेल्यावर तिला सासरच्या महालात करमेना, म्हणून तिने माहेरच्यासारखा महाल आणि बाग बांधून घेतली. "आणि पुढे तिच्याच मुलाने तिला देशाबाहेर काढलं," तो म्हणाला. बायका अगंबाई म्हणाल्या. हे म्हणाले, "तिनेपण काहीतरी केलं असणार. उगाच नाही कोणी काढत."

मला त्या राणीशी काही देणंघेणं नव्हतं, पण ते ऐकून मी पिशवी उचलली. मी म्हटलं, "चला, आपण तळ्याकाठी बसू."

"बसायला आलोय का? बाग बघू की."

"माझे पाय दुखतायत."

पाय दुखत नव्हते. उलट पायांना भिंगरी लागली होती, पण तळ्याजवळ बसणं भाग होतं, कारण तिला तीच जागा सांगितलेली. तळ्याभोवती हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात. कुणीही उचलाव्या, कुठेही नेऊन बसावं, पैसे नाहीत की चौकीदाराला विचारणं नाही. फोनवर मुलीने मला ते पुन्हापुन्हा सांगितलं होतं, तिला त्याचं फार कौतुक. पण त्या दिवशी ऊन छान पडलेलं आणि रिकामी खुर्ची शोधावी लागत होती. मी तीन मिळवल्या. एक ह्यांच्याकडून ओढत आणवली. दोन माझ्या मी आणल्या. एक समोर, दोन शेजारी, म्हणजे ती आली की बापासमोर येईल असा माझा हिशेब.

"तिसरी कशाला?" ह्यांनी विचारलं.

"पिशवी ठेवायला."

पिशवी खरंच जड होती. मुलीच्या खोलीला निळ्या फुलांचे पडदे होते, त्यांचं उरलेलं कापड जोडून मी ती शिवलेली. दहा दिवस ती मी बसमध्ये पायाशी ठेवत होते आणि हे विचारत होते की एवढं काय भरलंयस. मी म्हणायचे, खाणं. सामानाच्या बॅगेत ठेवलं असतं तर हॉटेलवर त्यांच्या हाती लागलं असतं.

अकरा दहाला मुलीचा मेसेज आला. मीटिंग लांबली, अकरा पंचवीसला पोचते. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. हे होडकी बघत होते. इवलीशी पोरं काठीने होडकं ढकलायची आणि ते पलीकडे लागलं की तिकडे धावायची. हे म्हणाले, "शिडाला दोरी नीट नाही बांधलेली, म्हणून गोल फिरतंय." मग म्हणाले, "हे तळं साफ कसं ठेवतात?" मग उठले. एका जागी बसायचं मला जमत नाही आणि त्यांनाही नाही, आमच्या घरात हा एकच गुण सगळ्यांत उतरलाय. "तिकडे झाडाखाली म्हातारे लोखंडी गोळे टाकतायत, जरा बघून येतो," म्हणाले.

"लांब जाऊ नका. साडेअकराच्या आत या."

"बस पावणेबाराची आहे."

"तरी या."

ते गेले. मी एका खुर्चीवर पिशवी, दुसरीवर माझा रुमाल, आणि तिसरीवर मी. पाच मिनिटं बसले. मग उठून उभी राहिले. मग पुन्हा बसले. गेटकडे बघायचं, मग झाडांकडे बघायचं. प्रत्येक काळ्या केसांची मुलगी तीच वाटायची. टूरआधीच्या शेवटच्या फोनवर तिचे केस कमरेपर्यंत होते, म्हणून मी लांब केसवालीच शोधत होते. मनात वाक्यं जुळवत होते. 'अहो, कोण आलंय बघा.' छे, हे नाटकातलं वाटतं. 'हिच्या ऑफिसजवळच आहे बाग, आली सहज.' सहज म्हटल्यावर ते सरळ उठून बसकडे चालू लागले असते. तिला आधी सांगावं का, की बाबांना माहीत नाही? मग ती गेटवरूनच परत जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आपणच गुंता करून ठेवला होता आणि आता टोक सापडत नव्हतं. मला माझाच इतका राग आला की मी उठून तळ्याला अर्धी फेरी मारली आणि कुणी खुर्च्या नेईल म्हणून धावत परत आले.

अकरा चोवीस झाले. हे नाहीत. ती एक मिनिटात येईल आणि इथे मी एकटी, रुमाल आणि पिशवी. मग तिला काय सांगू, बाबा गोळे बघायला गेलेत? तिला वाटेल तोंड चुकवायला गेले. मी ह्यांना फोन लावला, तो माझ्याच पिशवीत वाजला. दहा दिवस ते फोन माझ्याकडे ठेवायला देत होते.

मग मी जे केलं ते डोंबिवलीतल्या कुठल्याही बाईने केलं असतं. पिशवी खुर्चीवर नीट मधोमध ठेवली, बंद आत खोचले. रुमाल दुसरीवर पसरला. तिसरीवर पाण्याची बाटली. आपल्याकडे नाटकाला म्हणा, मंडळाच्या कार्यक्रमाला म्हणा, रुमाल टाकला की जागा धरली. रुमालाच्या खुर्चीवर बसायची कुणाची बिशाद नाही, आणि पिशवी असेल तर प्रश्नच मिटला. चाळीस वर्षं मी हळदीकुंकवापासून सत्कारापर्यंत अशाच जागा धरल्यात. शेजारी एक फ्रेंच आजी पेपर वाचत होती. तिला मी बोटाने पिशवी दाखवली, मग झाडं दाखवली, मग दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन मिनिटांत येते. तिने मान हलवली. मी निघाले.

हे झाडांखाली सापडले. पाच-सहा म्हातारे गोळे फेकत होते आणि हे त्यांच्यात उभे राहून मराठीत सल्ला देत होते. "अरे, डावीकडे, डावीकडे उतार आहे." तेही मान डोलावत होते. मी त्यांचा शर्ट मागून ओढला. "चला."

"काय झालं?"

"चला म्हटलं ना."

"बरं वाटत नाहीये का तुला? चेहरा बघ."

"चला हो."

आम्ही निघालो तेवढ्यात शिट्टी वाजली. मग दुसरी. तळ्याकडून माणसं येत होती, पळत नाही पण भरभर, पोरांना कडेवर घेऊन. झाडांच्या ओळीपाशी पोचलो तर दोन गार्ड एका खोडापासून दुसऱ्या खोडापर्यंत लालपांढरी पट्टी ओढत होते. तिसरा हात पसरून सगळ्यांना मागे ढकलत होता. तळ्याकाठ रिकामा झाला होता. होडकी पाण्यात आपली आपण फिरत होती. आणि त्या रिकाम्या जागेत, उन्हात, तीन हिरव्या खुर्च्या आणि त्यांतल्या एकीवर निळ्या फुलांची पिशवी. आजी पेपरसकट नाहीशी झालेली.

आधी मला कळेचना. मग ह्यांनी विचारलं, "ती आपली पिशवी ना?"

हजार वेळा ऐकलेली स्टेशनवरची घोषणा मला आठवली, बेवारस वस्तूला हात लावू नका, आणि इतक्या वेळा ऐकूनही ती बेवारस वस्तू आपली असू शकते हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मी गार्डला सांगायला लागले, "माय बॅग, माय बॅग." तो ऐकेना. तो वायरलेसवर बोलत होता आणि मला तळहाताने मागे सारत होता. आमचा ग्रुपही तिथे येऊन थबकला. टूर मॅनेजर झेंडा खाली करून म्हणाला, "कुणी काही ठेवलंय का हो तिकडे? आपलं कुणाचं असेल तर वाट लागली. इथे डायरेक्ट उडवून देतात." कल्याणच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, ती तर ह्यांची."

उडवून देतात ऐकून मला रडूच आलं. पिशवीसाठी नाही. अकरा बत्तीस झाले होते. मुलगी येऊन गेली असेल, पट्टी बघून परत फिरली असेल. पाच वर्षांनी एकदा जुळवून आणलं आणि माझ्याच हाताने मी तळ्याकाठ रिकामा केला.

तेव्हा पट्टीच्या पलीकडच्या टोकाला मला ती दिसली. केस मानेपर्यंत कापलेले, अंगात काळा कोट, म्हणून आधी मी ओळखली नव्हती. ती गार्डशी भांडत होती. फ्रेंचमध्ये, पण भांडण आमच्याच घरचं होतं, एक हात कमरेवर आणि दुसरा हवेत. ती पिशवीकडे बोट दाखवत होती. तिच्या खोलीचे पडदे, ती कशी नाही ओळखणार. मला ती दिसलीच नव्हती आणि तिला पिशवी दिसली होती.

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांना ती माझ्याआधी दिसली असणार. ते हलले नव्हते.

"केस कापलेत तिने," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो."

"तुला माहीत होतं ती येणार?"

"हो."

"म्हणजे ही टूर..."

"हो."

त्यांनी पाठ फिरवली नाही. नुसते उभे राहिले, लग्न मोडल्याचं सांगायला निघालेल्या सकाळी चपला घालून दारात उभे होते तसे. मला वाटलं आता वळतील. देवाशपथ सांगते, मी त्यांचा शर्ट पुन्हा धरून ठेवला होता.

मुलीने आम्हाला बघितलं आणि गार्डला घेऊन पट्टीच्या कडेकडेने आमच्याकडे आली. चार पावलांवर येऊन थांबली. बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला एका क्षणात कळलं की मी खोटं बोलले होते. माझ्याकडे तिने जे बघितलं ते मी विसरणार नाही.

गार्ड तिला काहीतरी विचारत होता. ती म्हणाली, "आई, तो म्हणतोय, बॅगेत काय आहे ते आधी सांगा. एकेक वस्तू."

"सगळं?"

"सगळं."

पट्टीच्या अलीकडे आमची अडतीस माणसं. मी सांगायला लागले. "थालीपिठाची भाजणी, दोन किलो. मेतकूट. सांडग्या मिरच्या. आमसुलं. लसणीची चटणी, ती तीन पिशव्यांत गुंडाळलीय. तुझी स्वेटरची लाल टोपी. आणि ह्यांचा फोन."

ती एकेकाचं फ्रेंच करत होती. मेतकूटला अडली, बोटांनी भातावर काहीतरी भुरभुरल्यासारखं करून दाखवलं. हे ऐकत होते. प्रत्येक वस्तूबरोबर त्यांची मान थोडी खाली जात होती. दहा दिवस जी पिशवी ते बसमध्ये चढवत-उतरवत होते तिच्यात काय होतं ते त्यांना आता कळत होतं.

"एवढं सगळं तू हिच्यासाठी आणलंस," ते म्हणाले, मला की स्वतःला कोण जाणे.

गार्डने माझ्याकडे बोट केलं आणि मुलीला विचारलं. तिने उत्तर दिलं, एकच शब्द, तो मलाही समजला. मग गार्डने ह्यांच्याकडे बोट केलं. तसाच प्रश्न.

इतका वेळ धडाधड बोलणारी मुलगी तिथे अडली. गार्डने पुन्हा विचारलं. तिने बापाकडे बघितलं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"बाबा, तो विचारतोय, हे गृहस्थ तुमचे कोण. काय सांगू?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे तो विमानतळ आला, ती पाण्याची बाटली आली. मी शर्ट सोडून दिला. याला माझ्या धरून ठेवण्याचा काही उपयोग नव्हता. टूर मॅनेजरने घड्याळ बघितलं आणि हात खाली केला. कल्याणच्या बाई एकदा ह्यांच्याकडे, एकदा मुलीकडे बघत होत्या.

ह्यांनी शर्ट खाली ओढून सरळ केला. मग म्हणाले, "काय सांगू म्हणजे? बाप आहे म्हणून सांग."

तिला सांगता येईना. तोंड उघडलं, आणि मग तिने कोटाची बाही तोंडावर धरली. गार्ड एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत थांबला होता. शेवटी ह्यांनीच स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. पस्तीस वर्षं कारखान्यात साहेबांशी बोलायचं जे इंग्रजी होतं तेवढ्यात, पण मागे उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "फादर. आय, फादर. शी, माय डॉटर."

गार्डने मान हलवली, वायरलेसवर दोन शब्द बोलला, आणि आम्हाला पिशवी घ्यायला जा अशी खूण केली. पट्टी छातीइतक्या उंचीवर होती. मुलगी डोळे पुसत वाकायला लागली, आणि तिच्या डोक्याला लागू नये म्हणून ह्यांनी ती पट्टी दोन्ही हातांनी वर उचलून धरली.